यंत्र दुरुस्त करावे की नवे घ्यावे?

पेण आणि भोवतालची हमरापूर, जोहे आदी गावे गणेशमूर्तींसाठी दूरवर ख्यात आहेत, हे वाचकांस सांगावयास नको. मूर्ती पाहणारास मात्र तिच्यामागची धूळ दिसत नाही. साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे काचकागदाने घासले म्हणजे पूड उडते. ती जमिनीवर बसते, तशीच घासणाराच्या छातीतही उतरते. म्हणून आमच्या धाकट्या बंधूंनी सात वर्षांपूर्वी आपल्या कारखान्यात ही धूळ ओढून घेणारे यंत्र, म्हणजे मोठा व्हॅक्युम क्लीनर, आणला. यंदा आषाढात, ऐन गर्दीच्या दिवसांत, तो किंचाळू लागला, ठिणग्या टाकू लागला आणि एके सकाळी मूक झाला.

रात्री पंक्तीतच वाद माजला. बंधूंचे म्हणणे, मोडले की टाकले ही वृत्ती घरास शोभत नाही. पुतण्याचे म्हणणे, दुरुस्तीत दिवस जातील आणि यंत्र पुन्हा अडेल. त्यापेक्षा नवेच आणावे. उभयतांनी आम्हांस पंच नेमले. चौतीस वर्षे मुलांस संस्कृत शिकवलेल्या मास्तरास यंत्रातले काय कळणार! तथापि आधी निदान व मग चिकित्सा, हा वैद्यकातला क्रम आम्हांस ठाऊक होता. तोच आम्ही धरला.

निदानाच्या खुणा मोटारीच्या जाणत्या कारागिराने आम्हांस समजावल्या. ओढ कमी होऊन आवाज मात्र उंच चढला, तर बहुधा नळी अथवा फिल्टर तुंबलेला असतो. तेथे खर्च जवळजवळ नाहीच. ठिणग्या वाढल्या व यंत्र थांबत थांबत चालू लागले, तर मोटारीतील कार्बन झिजले असण्याचा संभव असतो. ते अल्प मोलात बदलता येतात. कर्कश घरघर हे बेअरिंग गेल्याचे लक्षण. जळका वास आला तर मात्र तारांचे वेटोळे जळाले असे समजावे. तेथे खर्च पुष्कळ व भरवसा थोडा.

आमच्या यंत्राचे वेटोळे शाबूत निघाले. कार्बन झिजले होते आणि बेअरिंगमध्ये पांढरी पूड भरली होती. दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या पंचमांशाहून कमी होता. बंधू विजयी मुद्रेने पाहू लागले. इतक्यात मूर्तींचे डोळे आखणारी धाकटी सून हळूच म्हणाली, “मामंजी, यंत्र चालू असलं की माझ्या ओल्या रंगावर धूळ बसते. बंद असलं की बसत नाही.”

त्या एका वाक्याने खरे निदान झाले. १९०१ साली इंग्लंडमध्ये ह्यूबर्ट बूथ याने असे यंत्र प्रथम सिद्ध केले. तत्पूर्वी त्याने खुर्चीवर रुमाल टाकून, त्याला तोंड लावून हवा ओढून पाहिली, अशी कथा सांगतात. धूळ रुमालाला चिकटली! या यंत्राचे मर्म मोटारीत जेवढे, तेवढेच त्या रुमालात आहे. आमचा रुमाल, म्हणजे फिल्टर, फाटला होता. सांडलेले कोरडे प्लास्टर त्यात अडकत असे. पुतण्याने तो पाण्याने धुतला. प्लास्टर ओले झाले की घट्ट होते. ते खरवडताना कागद फाटला. तेव्हापासून यंत्र जमिनीवरची धूळ उचलून सर्वांच्या नाकाच्या उंचीवर उडवीत होते. घासकामावरच्या बाईंचा खोकलाही तेव्हापासूनचाच, हे मागाहून ध्यानी आले. नवे यंत्र आणले असते, तर याच हातांनी त्याचीही हीच गत झाली असती.

आम्ही निवाडा दिला तो असा. वेटोळे व पेटी शाबूत असेल, सुटे भाग मिळत असतील आणि खर्च नव्याच्या निम्म्याहून कमी असेल, तर दुरुस्ती करावी. पेटीस चीर पडून धूळ बाहेर येत असेल, तर कितीही स्वस्तात चालू होवो, ते यंत्र ठेवू नये. आणि टाकताना भंगारवाल्याकडे न देता नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांचा हेतूही तोच आहे. सुटे भाग व दुरुस्तीची माहिती ग्राहकास मिळावी, यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ हे संकेतस्थळही उघडले आहे.

असो. यंत्र तिसऱ्या दिवशी सुरू झाले. फिल्टर नवा घातला, एक शिलकीत ठेवला; तो आता कोरडाच, दाराबाहेर, नाकास फडके बांधून झटकला जातो. हे काम पुतण्याने आपण होऊन पत्करले आहे. बाईंना डॉक्टरांकडे नेले. खोकला उणावला आहे, पण पुरता गेलेला नाही. यंत्राचा हिशेब पंचमांशात मिटला. हा दुसरा हिशेब अजून चालू आहे, हे आम्ही पंक्तीत कोणास विसरू देत नाही.