विश्लेषण : अफवा गावोगावी पोहोचते कशी? ‘फॉरवर्ड’वर मर्यादा कशासाठी?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा (ता. साक्री) येथे मुले पळवणारे समजून जमावाने भटक्या समाजातील पाच जणांना ठार मारले. अशा टोळ्यांच्या अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच चॅटमध्ये पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. त्यामागे जाळ्यांचे शास्त्र आहे.

अफवा उडी कशी मारते?

तुमच्या फोनमधील ग्रुप आठवा. घरच्या ग्रुपमधले सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे तिथली बातमी तिथेच घोळत राहते. पण गावचा पुण्यात नोकरीला असलेला मुलगा दोन्हीकडच्या ग्रुपमध्ये असतो. त्याच्यामार्फत ती थेट दुसऱ्या शहरात पोहोचते. डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी १९९८ मध्ये दाखवले, की असे मोजके आडवे दुवे असले तरी प्रचंड जाळ्यात कोणीही कोणापासून थोड्याच टप्प्यांवर येतो. त्यांनी तपासलेली जाळी होती चित्रपट कलाकारांची, पश्चिम अमेरिकेतील वीजवाहिन्यांची आणि एका सूक्ष्म कृमीच्या चेतापेशींची. तिन्हीकडे रचना सारखीच निघाली! मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी तर १९७३ मध्येच मांडले होते, की नवी माहिती जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून येते. नोकरीची खबर येते त्याच वाटेने अफवाही येते.

पाचाने काय होते?

तेव्हा ग्रुपची कमाल सदस्यसंख्या २५६ होती. म्हणजे पाच ग्रुप धरले तरी हजाराहून अधिक फोन. मर्यादा तोकडीच वाटते. पण साथीच्या रोगासारखेच इथेही एक जण सरासरी किती जणांना ‘लागण’ करतो, हे निर्णायक. ही सरासरी एकच्या खाली गेली, की साखळी आपोआप विझते. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फॉरवर्ड झालेले संदेश एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतील असे ठरले. त्यानंतर असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले.

मग मजकूरच का रोखला नाही?

संदेश कूटबद्ध असल्याने कंपनीला तो वाचता येत नाही. हाती उरते ते जाळ्याची रचना बदलणे. मात्र २०२२ मध्ये याच कंपनीने ग्रुपची मर्यादा आधी ५१२ आणि नंतर १,०२४ केली. आवळलेली दोरी दुसऱ्या टोकाने सैल सोडली, असेच म्हणावे लागेल.