झिजलेला टायर आणि हिमाची वाट

हिमाचल प्रदेशातील सफरचंदाचा बागाईतदार हिवाळ्यातील हिमवर्षावास वैरी मानीत नाही. सिमल्याच्या वरच्या अंगास नारकंडा, कोटगड, जुब्बल, रोहडू या पट्ट्यात हिमाला 'पांढरे खत' असेच म्हटले जाते. डेलिशस जातीच्या झाडांना पुढील हंगामी भरघोस फुलोरा यावयाचा असेल, तर सुप्तावस्थेत त्यांना सुमारे 7 अंश सेल्सिअसखालील थंडीचे हजाराहून अधिक तास मिळावे लागतात. शिवाय सावकाश वितळणारे हिम जमिनीत खोलवर ओल मुरविते. अमेरिकेहून येऊन कोटगड येथे स्थायिक झालेले सॅम्युअल स्टोक्स यांनी 1916 च्या सुमारास या जातीची कलमे तेथे लावली. आज त्या डोंगरउतारांवरील बहुतेक बागांच्या बांधापर्यंत कच्चे रस्ते पोहोचले आहेत आणि त्या रस्त्यांवरून मालाची ने-आण पिकअप गाड्या करतात.

पान गळाले म्हणून बागेचे काम थांबत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ छाटणीचा, शेणखत वाहून नेण्याचा आणि नवी कलमे लावण्याचा असतो. म्हणजे झाडास जे हिम हवे, त्याच हिमावरून बागाईतदारास गाडी न्यावी लागते. गाडी चार चाकी जोराची असेल, इंजिन दणकट असेल, चालविणारा डोंगरातच वाढलेला असेल. तथापि जमिनीशी गाडीचा संबंध येतो तो चार तळहातांएवढ्या रबरापुरताच. त्या रबराची अवस्था पाहण्याची तसदी मात्र सहसा कोणी घेत नाही.

या गाड्यांना पुष्कळदा 'ऑल-टेरेन' म्हणजे सर्व प्रकारच्या वाटांसाठी बनविलेले टायर बसविलेले असतात. त्यांची नक्षी ठसठशीत असते, ठोकळे मोठे आणि खाचा रुंद असतात. नव्या टायरच्या खाचेची खोली साधारणतः 12 मिलिमीटरच्या आसपास भरते. दोन-तीन वर्षे डोंगरातील खडीवर चालल्यानंतर ती 5 किंवा 6 मिलिमीटरवर येते. तरीही ठोकळे डोळ्यांना स्पष्ट दिसतात. त्यामुळे टायर अजून 'गोटा' झालेला नाही, निम्मा तरी शिल्लक आहे, असा समज होतो. कोरड्या डांबरी रस्त्यापुरता तो बराचसा खराही आहे. हिमावर मात्र निम्मा झिजलेला टायर निम्मे काम देत नाही. तो त्याहून पुष्कळच कमी देतो. याचे कारण समजण्यास टायर हिमावर कसा टिकाव धरतो, हे प्रथम पाहिले पाहिजे.

चिखल आणि हिम

महाराष्ट्रातील ज्या शेतकऱ्याने काळ्या जमिनीत किंवा कोकणातील भातखाचरात ट्रॅक्टर चालविला आहे, त्याला चाकाची गोष्ट वेगळी सांगावयास नको. ट्रॅक्टरच्या मागील टायरचे उभार मातीत रुततात, माती मागे रेटतात आणि यंत्र पुढे सरकते. उभारांमधील जागा चिखलाने भरून गच्च झाली की चाक जागच्या जागी फिरू लागते. म्हणून चिखलासाठी केलेल्या टायरची खाच अशी असते की चाक फिरताच चिकटलेला चिखल गळून पडावा. थोडक्यात, चिखलात खाच रिकामी राहिली पाहिजे.

हिमाचा न्याय याच्या उलट आहे. ताजे हिम मुठीत दाबले असता त्याचा गोळा होतो आणि एक गोळा दुसऱ्यास चिकटतो. टायरच्या खाचेत हिम भरते, गाडीच्या भाराने दाबले जाऊन त्याचा घट्ट ठोकळा बनतो आणि हा ठोकळा रस्त्यावरील हिमाला धरून ठेवतो. चाकास पुढे जावयाचे वा थांबावयाचे असेल, तर हा हिमाचा ठोकळा बुडातून कातरला जावा लागतो. कातरण्यास जो विरोध होतो, तोच टायरचा आधार होय. खाच जितकी खोल, तितका ठोकळा उंच आणि तितका हा विरोध अधिक. खाच उथळ झाली की हिमाचा केवळ पापुद्रा भरतो व तो सहज निसटतो. चिखलात नावाजलेला टायर हिमातही चालेलच, अशी खात्री यामुळेच देता येत नाही. त्याचे फार रुंद अंतर आणि ताठ ठोकळे दाबून बसलेल्या हिमावर प्रसंगी तोकडे पडतात.

खाचांखेरीज आणखी एक भाग असतो. ठोकळ्यांच्या पृष्ठभागावर सुरीने पाडाव्यात तशा बारीक चिरा असतात. गाडीच्या भाराखाली ठोकळा किंचित वाकतो, चिरा उघडतात आणि त्यांच्या शेकडो कडा हिमास खरवडून धरतात. दबलेल्या, गुळगुळीत झालेल्या हिमावर मुख्य काम या कडांचे असते. आता ऑल-टेरेन टायर हा खडी आणि दगडधोंडे सोसण्यासाठीही बनविलेला असतो. ठोकळा फार लवचीक होऊन त्याचे तुकडे उडू नयेत, म्हणून पुष्कळ टायरांत या चिरा खाचेच्या तळापर्यंत नेलेल्या नसतात. वरच्या थरापुरत्याच ठेवलेल्या असतात. टायर निम्मा झिजतो तेव्हा त्यांतील कित्येक चिरा पुसल्या गेलेल्या असतात. ठोकळा उरतो, त्याची धार जाते. वरवर शाबूत दिसणारा टायर हिमावर फसवितो तो येथे.

तिसरी गोष्ट रबराची. तापमान सुमारे 7 अंशांच्या खाली उतरू लागले की सामान्य टायरचे रबर हळूहळू ताठर होत जाते. सफरचंदाच्या झाडाची थंडी मोजावयाची ती याच अंशापासून. निसर्गाने हा योग मुद्दाम साधलेला नाही, पण बागाईतदारास लक्षात ठेवण्यास तो सोयीचा आहे. खास हिवाळी टायरांचे मिश्रण थंडीतही मऊ राहील असे केलेले असते. ऑल-टेरेन टायरांत काप आणि ओरखडे सोसण्याकडे अधिक लक्ष दिलेले असते. त्यातून रबर जुने झाले की ते आपोआप कडक होते. बागेतील गाडी वर्षाकाठी फार धावत नाही, त्यामुळे खाच शिल्लक आणि रबर मात्र म्हातारे, असा प्रकार पुष्कळ आढळतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. '3519' याचा अर्थ 2019 सालच्या 35 व्या आठवड्यात तो तयार झाला. टायर विकत घेताना, विशेषतः वापरलेला घेताना, हे आकडे वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

उताराचा हिशेब

गाडी हिमात चढली, की चालकाचा टायरवर भरवसा बसतो. खरी परीक्षा चढताना होत नाही, उतरताना होते. चारही चाकांना जोर असलेली गाडी निघताना आणि चढताना सरस ठरते. परंतु ब्रेक सर्वच गाड्यांना चारही चाकांवर असतात; थांबण्याच्या कामी ही जादा शक्ती उपयोगी पडत नाही.

उदाहरणादाखल ताशी 30 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी घ्यावी. कोरड्या सपाट डांबरी रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून ती सुमारे 5 मीटरांत थांबते. दाबलेल्या हिमावर चांगल्या टायरचे घर्षण भारांशाच्या पाव हिश्शाएवढे, म्हणजे 0.25 धरले आणि रस्त्याचा उतार दहास एक असला, तर उतार त्यातील 0.10 खाऊन टाकतो. गाडी थांबविण्यास उरतात 0.15; हिशेबाने अंतर येते सुमारे 24 मीटर. टायर झिजल्यामुळे घर्षण 0.15 वर आले असे समजू. दिसावयास हा फरक दहा शतांशांचाच आहे. पण उताराचा वाटा वजा जाता हाती केवळ 0.05 उरतात आणि अंतर होते सुमारे 70 मीटर, म्हणजे जवळजवळ तिप्पट. त्याच उतारावर हिम वितळून रात्री पुन्हा गोठलेले असेल, तर घर्षण 0.10 पर्यंत खाली येऊ शकते. मग वजाबाकीनंतर काहीच शिल्लक राहत नाही आणि ब्रेक दाबलेला असूनही गाडी खाली जातच राहते. मराठीत हिम आणि बर्फ असे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगाच नाहीत. शून्य अंशाच्या आसपास, वर पाण्याचा पातळ थर असलेला बर्फ सर्वांत निसरडा असतो. त्यावर नव्या टायरचाही भरवसा धरू नये. सकाळचा सावलीतील रस्ता, पुलाचा माथा आणि देवदारांखालील वळण ही त्याची नेहमीची ठिकाणे होत.

भारतातील मोटार वाहन नियमांनुसार दुचाकी व तीनचाकी सोडून इतर वाहनांच्या टायरची खाच 1.6 मिलिमीटरहून कमी असता कामा नये. खाचेच्या तळाशी जे लहान उंचवटे असतात, ते हीच मर्यादा दाखवितात. ही मर्यादा हिम डोळ्यांपुढे ठेवून आखलेली नाही. कॅनडाच्या परिवहन खात्याचा इशारा असा आहे की, खाच 4 मिलिमीटरच्या जवळ आलेले टायर हिमाच्छादित रस्त्यावर वापरू नयेत. ऑस्ट्रियात हलक्या वाहनांच्या हिवाळी टायरला 4 मिलिमीटर खोली कायद्यानेच लागते. बागेच्या खडबडीत, तीव्र उताराच्या रस्त्यावर 5 मिलिमीटर ही खालची पायरी मानणे शहाणपणाचे होईल.

टायरवरील खुणांविषयीही गैरसमज आहेत. 'एम + एस' या अक्षरांचा अर्थ चिखल व हिम असा असला, तरी ती खूण उत्पादक स्वतःच देतो. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण अशी खूण असेल, तर तो टायर दाबलेल्या हिमावरील ठरावीक कसोटीस उतरलेला असतो. मात्र ही कसोटी नव्या टायरची असते. झिजल्यावर खूण बाजूवर तशीच राहते. गुण राहतोच असे नाही.

खाच मोजण्यास मोठ्या साधनाची गरज नाही. काडी खाचेत उभी धरून नखाने खूण करावी व पट्टीवर मोजावी. हे माप मध्यभागी आणि दोन्ही कडांना घ्यावे, कारण हवा जास्त असली तर मध्य झिजतो आणि कमी असली तर कडा झिजतात. सर्वांत कमी येईल तेच टायरचे माप समजावे. दोनच टायर नवे घेणे परवडत असेल, तर ते मागे बसवावेत, म्हणजे उतारावर गाडीची मागील बाजू फिरत नाही. चारही चाकांना जोर असलेल्या गाडीत मात्र मागचे-पुढचे टायर कमीअधिक झिजलेले असणे यंत्रासही बाधक असते. तेथे चारही सारखे असावेत.

हवेचा दाब तापमान दर 10 अंशांनी उतरला की सुमारे 2 पौंडांनी घटतो. डोंगर चढताना बाहेरील दाब कमी होत असल्यामुळे यातील काही तूट आपोआप भरून निघते. तरी मैदानात भरलेल्या हवेवर न विसंबता, 2,700 मीटर उंचीवरील नारकंड्यास पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायर तपासावा हे उत्तम. रिकाम्या पिकअपची मागील बाजू हलकी असते, म्हणून मागील आसाच्या वर वाळूची दोन-तीन पोती बांधून ठेवावीत. चाक अडकल्यास तीच वाळू उपयोगी पडते. साखळ्या जोर असलेल्या चाकांना, उतार लागण्यापूर्वी सपाट जागीच चढवाव्यात आणि हिम संपताच काढाव्यात.

हा विषय महाराष्ट्रापासून वाटतो तितका दूर नाही. जळगावची केळी आणि नाशिकची द्राक्षे हिवाळ्यात उत्तरेकडे जातात, तर काश्मीरची सफरचंदे वाशीच्या बाजारात येतात. 2018 आणि 2019 या दोन्ही वर्षी काश्मीर खोऱ्यात नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात हिम कोसळले. झाडांवर पाने आणि काही ठिकाणी फळेही असताना फांद्या मोडल्या. जम्मू-श्रीनगर मार्गावरील वाहतूक खोळंबली. बनिहाल-काझीगुंड बोगदा 2021 साली सुरू झाल्यापासून वरच्या घाटाचा फेरा वाचला आहे, परंतु बोगद्याच्या तोंडापर्यंतचा रस्ता उघडाच आहे. अहिल्यानगर किंवा जळगावच्या उन्हात टणक झालेले टायर घेऊन तिकडे निघणाऱ्या मालमोटारीने काझीगुंडला पोहोचण्याची तयारी गावातच करावयास हवी.

हिमास अपुरा ठरलेला टायर लगेच टाकून द्यावा लागत नाही. 5 मिलिमीटर खाचेचा टायर एप्रिल ते ऑक्टोबर कोरड्या रस्त्यावर बरेच दिवस काम देतो. म्हणून काही बागाईतदार दोन जोड बाळगतात आणि नोव्हेंबरात चांगला जोड चढवितात. काढलेला जोड धुऊन, कोरडा करून, अंधाऱ्या खोलीत ठेवावा. विजेची मोटार चालते त्या खोलीत तो ठेवू नये. मोटारीच्या ठिणग्यांनी तयार होणाऱ्या ओझोन वायूने रबरास तडे जातात.