शोषण आणि साठवण : समुद्र कार्बन किती काळ धरून ठेवतो?

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. तेथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. ह. धी. सांकलिया, झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही नावे या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. घरांच्या जमिनी, चुली आणि दफने यांच्याबरोबर तेथे जळून काळे पडलेले धान्याचे दाणेही सापडले. त्यांत जव प्रमुख होते. समुद्राविषयीच्या या पाठाची सुरुवात आपण त्या दाण्यांपासून करू.

जवाच्या रोपाने हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन तो दाणा घडवला. हा दाणा खाल्ला गेला असता किंवा कुजला असता, तर त्यातील कार्बन वर्ष-दोन वर्षांत हवेत परतला असता. पण त्याचा कोळसा झाला. कोळसा सहजी कुजत नाही, म्हणून तीन हजार वर्षांपूर्वीच्या हवेतील कार्बन आजही त्या दाण्यात आहे. त्याचे वय कळते तेही कार्बनमुळेच. सजीवाच्या शरीरात किरणोत्सारी कार्बन-१४ अत्यल्प प्रमाणात असतो. मृत्यूनंतर त्याचा पुरवठा थांबतो आणि दर ५७३० वर्षांनी तो निम्मा होतो. उरलेल्या प्रमाणावरून काळ काढता येतो. इनामगावची वसाहत इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील मानली जाते, ती या पद्धतीच्या आधारे.

येथे दोन शब्द वेगळे करून घेतले पाहिजेत. रोपाने कार्बन घेतला, हे झाले शोषण. तो तीन हजार वर्षे परतला नाही, ही झाली साठवण. वर्तमानपत्री लेखनात या दोन शब्दांची सर्रास सरमिसळ होते आणि समुद्राविषयीचे बरेच गैरसमज तेथूनच निर्माण होतात.

समुद्रात वातावरणाच्या चाळीस पटींहून अधिक कार्बन आहे. मानवी व्यवहारांतून दरवर्षी जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यापैकी सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. हे फुकट होत नाही. पाण्यात विरघळलेल्या या वायूचे कार्बनिक आम्ल बनते, पाण्याची अल्कता घटते आणि शिंपले व प्रवाळ यांना कवच घडवणे जड जाते. शिवाय पृष्ठभागाजवळच्या पाण्याने घेतलेला वायू लवकर परतूही शकतो. खोल पाण्याची गोष्ट निराळी आहे. उत्तर अटलांटिकमध्ये आणि अंटार्क्टिकाभोवती थंड, जड पाणी तळाकडे जाते आणि शतकानुशतके वर येत नाही. हे कसे कळले? इनामगावच्या कोळशाला लावलेले तेच घड्याळ शास्त्रज्ञांनी समुद्राच्या पाण्यालाही लावले. उत्तर पॅसिफिकच्या तळाजवळील पाण्याचे कार्बन-१४ नुसारचे वय हजार वर्षांहून अधिक भरते. म्हणजे समुद्रात कार्बन खऱ्या अर्थाने साठवायचा, तर त्याला त्या खोलीपर्यंत न्यावे लागते.

निसर्गात हे काम काही प्रमाणात वनस्पतिप्लवक करतात. हे पाण्यावर तरंगणारे सूक्ष्म, हरितद्रव्ययुक्त जीव आहेत. ते मरतात किंवा खाल्ले जातात आणि त्यांचे अवशेष व प्राण्यांची विष्ठा यांचा संथ पाऊस खाली पडत राहतो. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात नत्र आणि स्फुरद भरपूर असूनही प्लवक विरळ असतात, कारण तेथे लोह कमी आहे. हा विचार अमेरिकन सागरशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस ठामपणे मांडला. त्यातून पुढचा प्रश्न आपोआप आला : समुद्राला लोहाचे खत घातले तर?

या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग गोव्याशी निगडित आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनीच्या आल्फ्रेड वेगनर संस्थेबरोबर २००९ मध्ये ‘लोहाफेक्स’ हा प्रयोग केला. नावातील ‘लोहा’ हा आपल्याच भाषाकुळातला शब्द आहे. आंतरराष्ट्रीय विज्ञानात असे नाव क्वचितच रूढ होते. वजीह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक हे मोहिमेचे प्रमुख होते. ‘पोलारस्टर्न’ हे जहाज जानेवारीत केपटाउनहून निघाले आणि लगेच वाद पेटला. जैवविविधता कराराच्या सदस्य राष्ट्रांनी आदल्याच वर्षी बॉन येथे अशा प्रयोगांबाबत सावधगिरीचा ठराव केला होता. पर्यावरणवादी संघटनांनी आक्षेप घेतला, जर्मन शासनाने काम थांबवून फेरतपासणी करवली आणि जानेवारीच्या अखेरीस परवानगी मिळाली.

मग सुमारे ३०० चौरस किलोमीटर क्षेत्रात फेरस सल्फेट विरघळवून सोडण्यात आले. पिकांची पाने पिवळी पडली की आपले शेतकरी हेच द्रव्य फवारतात. बाजारात त्याला हिराकस असेही म्हणतात. प्लवक वाढले, शोषण झाले. परंतु ही वाढ डायाटम या सिलिकेचे कवच असलेल्या प्लवकांची नव्हती, कारण त्या पाण्यात सिलिका जवळजवळ संपलेली होती. वाढले ते कवच नसलेले लहान जीव. कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांनी ते फस्त केले आणि त्या प्राण्यांना अ‍ॅम्फिपॉड या त्यांच्याहून मोठ्या जीवांनी खाल्ले. कार्बनचा बहुतेक भाग त्यांच्या श्वसनातून वरच्या थरातच राहिला. खोलवर गेला तो अगदी थोडा.

याच जर्मन संस्थेच्या २००४ मधील ‘आयफेक्स’ प्रयोगात मात्र डायाटम वाढले होते आणि त्या वाढीतील निम्म्याहून अधिक जैवभार हजार मीटरांखाली गेला होता. लोह तेच, महासागर तोच. फरक सिलिकेचा आणि खाणाऱ्यांचा. लोहाफेक्सला अनेकांनी अपयशी ठरवले. माझ्या मते तो या विषयातील सर्वांत उपयुक्त प्रयोगांपैकी एक आहे. समुद्र हिरवा झालेला दाखवून पैसे मागणाऱ्या योजनांना त्याने वेळीच प्रश्न विचारला.

दुसरा मार्ग थेट इनामगावच्या मातीतून जातो. पावसाचे पाणी जमिनीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि दख्खनचा काळा बेसाल्ट हळूहळू झिजवते. त्या अभिक्रियेत हवेतील कार्बनचे बायकार्बोनेट बनते. घोडनदी ते भीमेला देते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. समुद्रात या रूपातील कार्बन हजारो ते लाखभर वर्षांच्या मापाने टिकतो आणि पाण्याची आम्लता वाढवत नाही, उलट ती थोपवतो. साठवण म्हणावी ती ही. अडचण वेगाची आहे. म्हणून बेसाल्टची पूड शेतांत पसरावी किंवा अल्कधर्मी द्रव्ये थेट समुद्रात मिसळावीत, असे सुचवले जाते. दगड खणणे, दळणे आणि वाहून नेणे यांसाठी लागणारे इंधन मात्र या हिशेबातून वजा करावे लागते, आणि काही खडकांतील निकेलसारख्या धातूंचा जलचरांवर होणारा परिणामही तपासावा लागतो.

सर्वांत कठीण आहे मोजणी. समुद्रात अल्क मिसळल्यावर हवेतील वायू पाण्यात उतरण्यास महिने, कधी वर्षे लागतात. तोवर ते पाणी शेकडो किलोमीटर दूर जाऊन इतर पाण्यात मिसळलेले असते. मग किती टन साठले, हे बाटलीत नमुना भरून सांगता येत नाही. संगणकीय प्रतिमानावर विसंबावे लागते. घोडनदीच्या पुलावरून बाटली भरून बायकार्बोनेट मोजता येते, पण जमिनीतून किती निघाले एवढेच ती बाटली सांगते.