येणाऱ्या चित्रपटाची दवंडी

श्रोतेहो, मार्गशीर्षांत पुसेगांवला सेवागिरी महाराजांचा रथ निघतो, म्हसवडला सिद्धनाथाचा. पुढें पौषांत कऱ्हाडजवळच्या पाल येथें खंडोबाचें लग्न लागतें. या यात्रांतून सिनेमाच्या तंबूंचें बिऱ्हाड वर्षानुवर्षें हिंडत आलें. आज ते तंबू फार थोडे उरले आहेत. परंतु ज्यानें त्यांच्या दाराशीं एक संध्याकाळ काढली आहे, त्याला आंतल्या चित्रपटापेक्षां बाहेरचा पुकारा अधिक आठवतो. कर्ण्यांतून एक भारदस्त आवाज येई. नटाचें नांव ताणून घेई, नटीचें नांव मृदु करी, मारामारीचा उल्लेख येतांच एकदम चढे आणि तिकिटाचा दर सांगतांना पुन्हां घरगुती होई. पैसे मोजण्यापूर्वींच आपण अर्धा खेळ पाहिला, असें श्रोत्याला वाटे.

आजचा विषय हाच आवाज आहे. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीं त्यांतील निवडक दृश्यांचा जो अडीच-तीन मिनिटांचा तुकडा दाखवितात, त्याला ट्रेलर म्हणतात. ट्रेलर म्हणजे मागें जोडलेलें शेपूट. आरंभीं असे तुकडे मुख्य चित्रपट संपल्यावर दाखवीत, म्हणून हें नांव पडलें; पुढें शेपूट डोक्याकडे आलें, तरी नांव तेंच राहिलें. या तुकड्यांतील दृश्यें आपापल्या जागेवरून उचललेलीं असतात. कोठें रडणारी आई, कोठें धांवणारा घोडा, कोठें बंद होणारें दार. त्यांना परस्परांशीं जोडणारा दोरा कथेंत असतो, आणि कथा तर सांगावयाची नसते! अशा वेळीं पडद्यावर न दिसणारा एक निवेदक तो दोरा आपल्या आवाजानें ओवतो.

ही युक्ति परदेशांतून आली असें आपण समजतों. यंत्र परदेशचें, हें खरें. पण दृश्याच्या बाजूस उभें राहून प्रेक्षकाला हातीं धरून नेणारा आवाज आपल्या सांगलीस नवा नव्हता. १८४३ सालीं श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें. त्या खेळांत सूत्रधाराचें काम किती मोठें होतें हें ध्यानांत घ्यावें. कथानक पद्यांतून तोच गाई. कोण आला, कशासाठीं आला, आतां काय घडणार, हें तोच सांगे. पात्रें त्याच्या पदामागून प्रवेश करीत आणि प्रसंगाला अनुसरून थोडकें भाषण करीत. म्हणजे दृश्य एकाचें आणि वाणी दुसऱ्याची, ही वांटणी कृष्णाकांठीं झाली, तेव्हां सिनेमाचा जन्मही झाला नव्हता. त्याच्याही अगोदर गांवोगांवीं दवंडी होती. डफावर थाप पडे, लोक थबकत, मग बातमी सुटे. आधीं नाद, मग क्षणभर शांतता, मग शब्द, हा क्रम आजच्या ट्रेलरनेंही मोडलेला नाहीं.

१९१३ सालीं दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईस लागला. तो मूकपट होता. दृश्यांच्या मधूनमधून अक्षरांच्या पाट्या येत. पण अक्षर वाचणारे किती? म्हणून मूकपटांच्या काळांत वाचतां येणाऱ्यानें शेजाऱ्यांसाठीं पाट्या मोठ्यानें वाचाव्या, ही गोष्ट सर्रास होती. जपानांत तर पडद्याशेजारीं उभें राहून कथा सांगणाऱ्या बेन्शींचा एक मानाचा धंदाच झाला. १९३१ सालीं ‘आलम आरा’नें पडद्याला वाचा दिली, आणि पात्रें स्वतःच बोलूं लागलीं. तेव्हां निवेदकाचें काम संपावयास हवें होतें. तें संपलें नाहीं. तें चित्रपटांतून निघून चित्रपटाच्या दारांत येऊन उभें राहिलें.

या दारावरच्या कामांत मोठमोठ्यांनीं हौसेनें भाग घेतला आहे. १९४१ सालीं ऑर्सन वेल्सनें ‘सिटिझन केन’च्या ट्रेलरमध्यें आपल्या सर्व सहकाऱ्यांची ओळख करून दिली, स्वतः मात्र एकदांही तोंड दाखविलें नाहीं, केवळ आवाज ऐकविला. पुढें अमेरिकेंत डॉन लाफाँटेन या निवेदकानें हजारों ट्रेलरांना आपला खर्जांतला आवाज दिला. २००८ सालीं तो वारला, तोंवर त्याची धाटणी इतकी रूढ झाली होती कीं, विनोदी नट तिची नक्कल करून हंशा मिळवीत. आपल्याकडे हें काम रेडिओनें फार केलें. १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, आणि नव्या चित्रपटांच्या प्रसिद्धीचे छोटे कार्यक्रम घरोघर ऐकूं येऊं लागले. अमीन सयानी यांच्या वाणीनें या प्रकाराला कळा आणली. १९६३ सालीं सांगलीस आकाशवाणीचें केंद्र झालें, तेव्हांपासून तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा कान निवेदनाला अधिकच सरावला. १९८८ सालीं दूरदर्शनवर ‘महाभारत’ सुरू झालें, तेव्हां हरीश भिमानी यांच्या आवाजांतून साक्षात् काळ बोलूं लागला. भावे यांचा सूत्रधारच जणूं नवीन वेषांत परतला.

आतां या आवाजाचा परिणाम कशानें होतो तें पाहूं. पहिलें कारण यांत्रिक आहे. विशिष्ट प्रकारच्या मायक्रोफोनच्या अगदीं जवळ तोंड नेलें म्हणजे स्वरांतील खर्जाचा भाग फुगतो. त्यामुळें हळू बोललेला शब्दही भरदार वाटतो. दहा हजारांच्या सभेचें वजन आणि कानांतल्या कुजबुजीची जवळीक एकाच वेळीं साधते. दुसरें कारण विरामाचें. कुशल निवेदक शब्दांपेक्षां शब्दांमधल्या रिकाम्या जागेवर अधिक मेहनत घेतो, कारण त्या जागेंत श्रोत्याची कल्पना धांवते. तिसरें कारण भाषेचें, आणि येथें मराठीला एक नैसर्गिक लाभ आहे. आपल्या वाक्यांत क्रियापद शेवटीं येतें. ‘त्या रात्रीं, त्या वाड्यांत, त्या एकट्या बाईनें’ एवढें म्हणून निवेदक थांबला, तर काय केलें हें कळेपर्यंत श्रोता श्वास धरून बसतो. आमच्या कीर्तनकारांना हें मर्म पूर्वींच ठाऊक होतें. आख्यान ऐन रंगांत आलें कीं बुवा थांबून उपरणें सांवरतात, तें उगीच नव्हे.

पण श्रोतेहो, ज्या आवाजांत एवढें सामर्थ्य आहे, त्याच्यावर तेवढीच जबाबदारीही येते. माझ्या लहानपणीं आमच्या गांवच्या जत्रेंत एका तंबूवाल्यानें वाघाशीं झुंजीचा असा कांहीं पुकारा केला कीं माणदेशांतलीं माणसें गाड्या जुंपून आलीं. चित्रपटांत वाघ आला खरा. पण डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच गेला. खेळ सुटल्यावर लोक पैसे मागावयास गेले नाहींत. ते पुकारा करणाऱ्याकडे गेले. एका म्हाताऱ्या धनगरानें त्याला एवढेंच विचारलें, “बाबा, तूं सवतां पायला व्हतास का ह्यो शिनेमा?” तो गृहस्थ ओशाळला. दुसऱ्या दिवशीं पुकाऱ्यांतला वाघ निघाला आणि गाण्यांची संख्या आली. गाणीं मोजून तेवढींच होतीं!

त्या प्रश्नाचें मोल मला आज अधिक वाटतें. अलीकडील वीसपंचवीस वर्षांत ट्रेलरमधून निवेदकाचा आवाज बराचसा हटला आहे. पात्रांच्याच संवादांचे तुकडे, मोठीं अक्षरें आणि छातींत धडकी भरविणारे नाद यांनीं त्याची जागा घेतली. ट्रेलर आतां तळहातावरच्या फोनवर, बहुधा एकट्यानें पाहिला जातो. आणि जेथें भारदस्त निवेदन हवेंच असेल तेथें तें संगणकाकडूनही करून घेतां येतें. कोणाही माणसानें तोंड न उघडतां खर्जांतला मराठी आवाज तयार होतो. सोय मोठी आहे, हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु भावे यांचा सूत्रधार प्रेक्षकांसमोर उभा असे; खेळ पडला तर पहिली लाज त्याला. तंबूचा पुकारा करणारा खेळ सुटल्यावर दारांतच सांपडे. यंत्रांतल्या आवाजाला मात्र खेळ सुटल्यावर कोणी कोठें गांठावें?

म्हणून पुढच्या वेळीं एकादा गंभीर आवाज तुम्हांला चित्रपटाला, औषधाला किंवा मताला बोलावूं लागेल, तेव्हां त्याच्या खर्जाचें कौतुक अवश्य करा, विरामाची दाद द्या. ती एक कला आहे आणि आपल्याच मातींत रुजलेली आहे. मात्र खिशांत हात घालण्यापूर्वीं त्या म्हाताऱ्याचा प्रश्न मनांतल्या मनांत विचारून घ्या. ज्या आवाजाला त्याचें उत्तर देतां येईल, त्याच्या मागून तंबूंत खुशाल शिरावें.