सामायिक व्हिडिओ मेमरी : वाढवावी की तशीच ठेवावी?

शासकीय कामकाजात संगणकाचा वापर आता थेट गावपातळीपर्यंत पोहोचला आहे. वर्धा जिल्ह्यात ग्रामपंचायतींचे लेखे ई-ग्रामस्वराज प्रणालीवर भरले जातात, सातबाराचे उतारे संगणकावर निघतात आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून चित्रफितींच्या साहाय्याने पाठ शिकविले जातात. साहजिकच लॅपटॉप मंदावला की काम अडते, दाखल्यासाठी आलेल्या माणसाला हेलपाटा पडतो, आणि मग उपाय सुचविणारेही पुष्कळ भेटतात. 'व्हिडिओ मेमरी वाढवून घ्या' हा त्यांपैकी वारंवार कानी पडणारा सल्ला होय. कार्यालयीन लॅपटॉपच्या बाबतीत तो बहुधा निरुपयोगी, आणि कित्येकदा अपायकारक ठरतो.

संगणकाच्या पडद्यावर जे दिसते ते रेखाटण्याचे काम चित्रप्रक्रियक करतो. महागड्या यंत्रांत त्यासाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असते आणि त्या कार्डावर त्याची स्वतःची मेमरी असते. कार्यालयांसाठी घेतल्या जाणाऱ्या बहुतेक लॅपटॉपमध्ये मात्र असे कार्ड नसते. इंटेल कंपनीने १९९९ मध्ये ८१० या चिपसेटमध्ये चित्रप्रक्रियक अंतर्भूत केला. २०१० पासून तो मुख्य प्रोसेसरसमवेतच येऊ लागला. अशा अंतर्भूत चित्रप्रक्रियकाला स्वतःची मेमरी नसते. तो मुख्य मेमरीतूनच, म्हणजे रॅममधूनच आपला वाटा घेतो. सामायिक व्हिडिओ मेमरी म्हणतात ती हीच.

धाम प्रकल्पाचे पाणी वर्धेकरांच्या परिचयाचे आहे. जलाशय एकच; त्यातील काही साठा पिण्यासाठी राखीव, उरलेले पाणी सिंचनासाठी. पिण्याचे आरक्षण कागदोपत्री दुप्पट केले म्हणून धरणाची भिंत उंच होत नाही. कालव्याचे पाणी तेवढे कमी होते. लॅपटॉपचेही तसेच आहे. यंत्र सुरू होताच मुख्य मेमरीचा एक लहान भाग चित्रप्रक्रियकासाठी बाजूला काढला जातो, आणि तो रिकामा पडून राहिला तरी दुसऱ्या कोणत्याही कामास मिळत नाही. याशिवाय गरज भासेल तसा आणखी वाटा विंडोज प्रणाली आपण होऊन देते व काम संपताच परत घेते. या वाढीव वाट्याची कमाल मर्यादा साधारणतः एकूण मेमरीच्या निम्मी असते. टास्क मॅनेजरमध्ये आठ जीबीच्या यंत्रावर 'शेअर्ड' या शब्दापुढे चार जीबीच्या आसपासचा आकडा पाहून अनेकांना निम्मी मेमरी गेल्याचा भास होतो. तो आकडा मर्यादेचा आहे, खर्चाचा नव्हे.

प्रत्यक्ष गरज किती, हे हिशेबाने पडताळता येते. १३६६ गुणिले ७६८ बिंदूंच्या पडद्यावर एकूण १०,४९,०८८ बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस चार बाइट धरल्यास एका पूर्ण चित्रासाठी सुमारे ४ एमबी लागतात. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यासाठी सुमारे ८ एमबी. अशी दहा चित्रे एकाच वेळी साठवावयाची म्हटली तरी ८० एमबीच्या आसपासच मजल जाते. याउलट ब्राउझरची दहा-बारा पाने, एखादी मोठी एक्सेल फाइल आणि विषाणुरोधक प्रणाली मिळून चार जीबीची मुख्य मेमरी सहज व्यापून टाकतात. अशा यंत्रात व्हिडिओ मेमरीचे आरक्षण १२८ एमबीवरून १ जीबी केले, तर आधीच अपुऱ्या पडणाऱ्या साठ्याचा जवळजवळ चौथा हिस्सा हातचा जातो, आणि यंत्र पूर्वीपेक्षाही मंद चालते.

वाढ करणे योग्य ठरेल असे प्रसंग थोडे असले तरी आहेत. काही त्रिमितीय आराखड्याचे वा नकाशाचे कार्यक्रम राखीव व्हिडिओ मेमरीचा आकडा तपासतात आणि तो कमी आढळल्यास सुरूच होत नाहीत. यंत्रात आठ जीबी किंवा त्याहून अधिक मेमरी असेल, तर अशा वेळी आरक्षण २५६ किंवा ५१२ एमबी करण्यास हरकत नाही. लॅपटॉप सुरू होताना एफ-२, एफ-१० अथवा डिलीट यांपैकी त्या कंपनीने ठरविलेली कळ दाबून बायोसमध्ये जावे लागते. तेथे इंटेलच्या यंत्रात 'डीव्हीएमटी प्री-अ‍ॅलोकेटेड' आणि एएमडीच्या यंत्रात 'यूएमए फ्रेम बफर साइझ' अशा नावाचा पर्याय असतो. मूळचा आकडा आधी लिहून ठेवावा. पुष्कळ लॅपटॉपमध्ये हा पर्याय उत्पादकाने दिलेलाच नसतो. तेव्हा तो शोधण्यात दुपार घालवू नये. विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद घालून मेमरी वाढविण्याची युक्तीही सांगितली जाते. तीमुळे कार्यक्रमांना कळविला जाणारा आकडा तेवढा बदलतो, मेमरी आहे तेवढीच राहते. अलीकडे, २०२४ मध्ये एएमडीने आणि २०२५ मध्ये इंटेलने काही नव्या प्रोसेसरांसाठी निम्म्याहून अधिक मेमरी चित्रप्रक्रियकास देण्याची सोय केली आहे. ती मुख्यतः कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रतिमाने यंत्रावरच चालविणाऱ्यांच्या उपयोगाची आहे. नमुना आठ भरणाऱ्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला तिचे प्रयोजन नाही.

खरा उपाय एकूण साठा वाढविण्याचा. अनेक लॅपटॉपमध्ये मेमरीची एक पट्टी बसविलेली असते आणि दुसरी खाच मोकळी असते. तीत समान क्षमतेची दुसरी पट्टी बसविल्यास साठा दुप्पट होतोच, शिवाय दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वाचता येत असल्याने वहनक्षमताही वाढते. डीडीआर-४ प्रकारच्या २४०० वेगाच्या एका पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी माहिती वाहते, दोहोंतून ३८.४ जीबी. अंतर्भूत चित्रप्रक्रियक मुख्य मेमरीवरच अवलंबून असल्याने त्याला याचा थेट लाभ मिळतो. मात्र काही यंत्रांत मेमरी मूळ पाटीवरच डाख देऊन बसविलेली असते व ती वाढविता येत नाही. हे आधी तपासून घ्यावे.

आणखी एक कारण वर्ध्याच्या हवेतच आहे. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांपलीकडे जातो. प्रोसेसर आणि चित्रप्रक्रियक एकाच तुकड्यावर असल्याने दोघांची उष्णता एकत्र साठते, आणि ती मर्यादेबाहेर गेली की यंत्र स्वतःच आपला वेग कमी करते. दुपारी अडखळणारी चित्रफीत सकाळच्या शाळेत सुरळीत चालत असेल, तर दोष मेमरीत न शोधता पंख्याच्या जाळीतील धूळ काढावी, आणि लॅपटॉप गादीवर किंवा फायलींच्या गठ्ठ्यावर न ठेवता मोकळ्या टेबलावर ठेवावा.

विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने अनेक कार्यालयांपुढे खरेदीचा प्रश्न आहे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी मेमरी पुरेशी असल्याचे उत्पादक सांगतो. परंतु त्याच साठ्यातून चित्रप्रक्रियकाचाही वाटा जावयाचा आहे. यास्तव मागणीपत्रात किमान ८ जीबी मेमरी आणि ती पुढे वाढविण्यासाठी एक मोकळी खाच, या दोन्ही बाबी स्पष्ट शब्दांत नमूद कराव्यात. जुन्या यंत्रात नवी पट्टी बसविली असेल, तर तिची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याच दिवशी घ्यावी.