प्रेमासाठी गाव सोडताय? मग नव्या गावाशीही नातं जोडा

लग्न ठरलंय. जोडीदार मनासारखा आहे. घरच्यांनी आधी थोडी कुरकुर केली, पण आता तेही खूश आहेत. फक्त एक गोष्ट अजून तुमच्या नीट लक्षात आलेली नाही. जोडीदाराचं गाव तुम्ही आतापर्यंत फोटोत पाहिलंय, किंवा फार तर चार दिवस फिरायला म्हणून. आता तिथे कायमचं राहायचंय. तिथली हवा वेगळी, पाणी वेगळं, भाषा वेगळी आणि ओळखीचं माणूस एकच.

आपल्या देशात लग्नासाठी घर सोडणं नवीन नाही. केंद्र सरकारच्या २०२०-२१ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार स्थलांतर केलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ८७ टक्के स्त्रियांनी लग्नामुळे ठिकाण बदललं होतं. पण पूर्वी मुलगी बहुतेक वेळा शेजारच्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात जायची. तिकडे मावशी असायची, आत्या असायची. पीकपाणी आणि सणवारही ओळखीचे असायचे. आज ओळख कॉलेजात होते, ऑफिसात होते, मोबाइलवर होते. त्यामुळे कोकणातली मुलगी लडाखला जाते आणि नागपूरचा मुलगा स्वीडनला. तिथे ना मावशी, ना आत्या!

अशा वेळी नुसत्या प्रेमावर निभतं का? की आणखी काही लागतं? आधी दोन खऱ्या गोष्टी पाहूया.

स्वित्झर्लंडहून आलेली सावित्री

ईव्ह इव्हॉन माडे दि मारोस या मुलीचा जन्म २० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल या तळ्याकाठच्या शहरात झाला. वडील हंगेरियन, आई रशियन. शाळकरी वयात सुट्टीत बर्फावर स्कीइंग करायला गेलेली असताना तिची विक्रम खानोलकर या मराठी तरुणाशी ओळख झाली. तो इंग्लंडमध्ये लष्करी शिक्षण घेत होता. वडिलांचा विरोध होता, तरी पुढे ती भारतात आली. १९३२ मध्ये लखनौला दोघांचं लग्न झालं आणि ईव्हची सावित्री झाली.

विचार करा, तेव्हा ना व्हिडिओ कॉल होता, ना स्वस्त विमान. बर्फाच्या देशातली मुलगी उत्तर हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात आली. नवरा सैन्यात, म्हणजे बदल्या आल्याच. एकटेपणाला कारणं भरपूर होती.

सावित्रीबाईंनी मात्र नवऱ्याच्या प्रेमाइतकंच मन या देशातही घातलं. त्या मराठी, हिंदी आणि संस्कृत शिकल्या. पाटण्याला असताना विद्यापीठात जाऊन त्यांनी अभ्यास केला. महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. स्वातंत्र्यानंतर शौर्यपदकांची रचना करायची वेळ आली, तेव्हा मेजर जनरल हिरालाल अटल यांनी हे काम त्यांच्याकडे सोपवलं. आपलं सर्वोच्च युद्धकालीन शौर्यपदक, परमवीर चक्र, हे सावित्रीबाईंच्या कल्पनेतून आलं आहे. दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या आणि त्यातून इंद्राचं वज्र घडलं, ही कथा त्यांना माहीत होती. म्हणून पदकावर राजमुद्रेभोवती चार वज्रं आहेत.

पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळालं. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मीरमधल्या बडगाम इथे ते धारातीर्थी पडले होते. हे सोमनाथ शर्मा म्हणजे सावित्रीबाईंच्या थोरल्या लेकीचे दीर. १९५२ मध्ये विक्रम खानोलकर गेले. ज्याच्यासाठी सावित्रीबाई इथे आल्या, तोच राहिला नाही. तरीही त्या परत गेल्या नाहीत. १९९० मध्ये निधन होईपर्यंत त्या इथल्याच होऊन राहिल्या. कारण तोवर हा देश फक्त नवऱ्याचा राहिला नव्हता, तो त्यांचाही झाला होता.

सायकलवरून स्वीडनला गेलेला नवरा

‘घर सोडायचं ते मुलीनंच’ असं तुम्हाला वाटत असेल, तर ही दुसरी गोष्ट वाचा. ओडिशात विणकर कुटुंबात जन्मलेले प्रद्युम्न कुमार महानंदिया दिल्लीत चित्रकला शिकत होते. संध्याकाळी कनॉट प्लेसमध्ये बसून ते लोकांची चित्रं काढायचे. डिसेंबर १९७५ मध्ये शार्लोट नावाची स्वीडिश तरुणी त्यांच्यापुढे चित्र काढून घ्यायला बसली. दोघं प्रेमात पडले. ती परत गेली आणि पत्रं सुरू झाली.

विमानाच्या तिकिटाला पैसे नव्हते. महानंदियांनी होतं नव्हतं ते विकलं, सायकल घेतली आणि जानेवारी १९७७ मध्ये दिल्ली सोडली. अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान असं करत ते युरोपात पोहोचले आणि मेच्या अखेरीस स्वीडनला. ही गोष्ट जगभर सांगितली जाते ती बहुतेक इथपर्यंतच. पण खरी परीक्षा सायकल भिंतीला टेकवल्यानंतर सुरू झाली असणार. परका देश, परकी भाषा, लांबलचक हिवाळा. महानंदिया तिथे चित्रकला शिक्षक झाले, दोन मुलांचे वडील झाले आणि स्वीडनमध्येच स्थिरावले. ज्या कलेनं दिल्लीत पोट भरलं, तीच कला तिकडेही सोबत होती.

दोघांमध्ये सारखं काय आहे? भाषा, काम आणि त्या जागेबद्दलचं कुतूहल. प्रेमानं त्यांना तिथवर नेलं, पण तिथे रुजायला या तीन गोष्टी लागल्या. तुमच्याही बाबतीत हेच खरं आहे.

आधी हवापाणी समजून घ्या

लग्नाच्या धावपळीत आपण साड्या, दागिने, हॉल यांचा विचार करतो. नव्या प्रदेशात आपल्या शरीराचं काय होईल, हा विचार राहूनच जातो. नंतर चिडचिड होते, झोप लागत नाही आणि दोष मात्र नात्याला दिला जातो.

उंचावर जाणार असाल तर: लेह समुद्रसपाटीपासून साधारण ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे पोहोचल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती घ्या, धावपळ करू नका, पाणी पीत राहा. डोकेदुखी, उलट्या किंवा दम लागणं वाढलं तर लगेच डॉक्टरांकडे जा. बाळंतपण किंवा जुना आजार असेल तर जाण्याआधीच डॉक्टरांशी बोला. स्वयंपाकातही फरक पडतो. इतक्या उंचीवर पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळतं. त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. तिथे कुकर हवाच.

उत्तर युरोपात जाणार असाल तर: मुंबईत हिवाळ्यातला सगळ्यात छोटा दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. दक्षिण स्वीडनमध्ये डिसेंबरात तो जेमतेम साडेसहा तासांचा होतो. दुपारी साडेतीनला अंधार पडला की मन उदास होणं साहजिक आहे. जो काही उजेड मिळेल त्यात रोज चालायला जा. ‘ड’ जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा. जूनमध्ये उलट होतं, रात्री दहाला उजेड असतो. तेव्हा जाड पडदे लागतात.

कोकणात येणार असाल तर: हो, प्रवास इकडूनही होतो! लेहला वर्षभरात साधारण १०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकण किनाऱ्यावर सुमारे ३,००० मिलिमीटर. तिकडून आलेल्या सुनेला किंवा जावयाला चार महिने न वाळणारे कपडे आणि चपलांवरची बुरशी पाहून रडू आलं, तर हसू नका.

भाषा शिका, अगदी बाजारापुरती तरी

‘तिकडे सगळ्यांना हिंदी येतं’ किंवा ‘इंग्रजीवर भागतं’ असं जोडीदार सांगेल. भागतं हे खरं, पण भागणं वेगळं आणि आपलं वाटणं वेगळं. घरातली सगळी माणसं जेवताना एखाद्या विनोदावर हसतात आणि तुम्ही फक्त बघत बसता, तेव्हा सगळ्यात जास्त एकटं वाटतं.

जाण्याआधी सहा महिने सुरुवात करा. भाजी, भाव, डावं-उजवं, दुखतंय, नको, थोडं हळू बोला, एवढे शब्द आले तरी तुम्ही एकट्याने बाजारात जाऊ शकता. चुका होतील, लोक हसतील. हसू द्या. सासूबाईंकडून रोज पाच शब्द शिकलात, तर भाषेबरोबर नातंही जुळत जाईल.

‘मी तुझ्यासाठी सगळं सोडलं’

हे वाक्य बहुतेक घरांत कधी ना कधी उच्चारलं जातं. पहिल्यांदा ते डोळ्यांत पाणी आणतं. दहाव्यांदा ऐकलं की समोरचा कानावर हात ठेवतो. आपल्यावर कर्ज आहे आणि ते कधीच फिटणार नाही, असं त्याला वाटू लागतं.

या वाक्यामागचं दुःख खरं असतं. नोकरी सुटलेली असते, मैत्रिणी दुरावलेल्या असतात, आईच्या आजारपणात जाता येत नाही. म्हणून गप्प बसू नका, पण नेमकं बोला. ‘मला दर रविवारी आईशी निवांत तासभर बोलायचंय’, ‘मला पुन्हा काम सुरू करायचंय, त्यासाठी मुलाला तू सांभाळ’, ‘यंदा गणपतीला आपण माझ्या घरी जाऊ’. अशा मागण्या पूर्ण करता येतात. ‘सगळं सोडलं’ याची भरपाई कुणालाच करता येत नाही.

एखादं काम स्वतःचं असू द्या. नोकरीच असायला हवी असं नाही. शिकवणी, बागकाम, गाण्याचा क्लास, वाचनालय, काहीही चालेल. जिथे लोक तुम्हाला अमक्याची बायको किंवा तमकीचा नवरा म्हणून नव्हे, तर तुमच्या नावानं ओळखतात, अशी निदान एक जागा हवी.

देशातल्या अनेक शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत. तिथे गणपतीला, पाडव्याला जरूर जा. आमटीचा वास आला की निम्मा शीण जातो. पण फक्त तिथेच रमू नका. शेजारणीच्या सणालाही जा.

ज्याचं गाव आहे, त्याच्यासाठी

आता तुमच्या जोडीदाराला हा भाग वाचायला द्या. तुमच्यासाठी कुणी घर सोडून आलंय. तुम्हाला हे गाव पाठ आहे, तिला किंवा त्याला रिक्षावाल्याशी बोलायलाही धीर गोळा करावा लागतो. सुरुवातीचे काही महिने घरातल्या गप्पा सगळ्यांना समजतील अशा भाषेत करा. आपल्या मित्रांमध्ये तिला नुसती बसवू नका, बोलतं करा. स्वयंपाकघरात तिच्या मसाल्याच्या डब्याला जागा द्या. आणि तिला घराची आठवण आली तर ‘इथे काय कमी आहे?’ असं विचारू नका. कमी काही नसतं, तरी आठवण येते.

कागदपत्रं आणि परतीचं भाडं

हे बोलायला अवघड वाटतं, पण प्रेम असतानाच बोलून घ्यावं.

• आंतरधर्मीय किंवा नोंदणी विवाह १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने करायचा असेल, तर दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं. नोटीस दिल्यावरही ३० दिवस थांबावं लागतं. तारखा त्याप्रमाणे ठरवा.
• आधारवरचा पत्ता आणि मतदार यादीतलं नाव नव्या ठिकाणी बदलून घ्या.
• बँक खातं स्वतःच्या नावावर ठेवा आणि त्यात घरी परत जाण्याइतके पैसे कायम असू द्या.
• पासपोर्ट, पदवीची प्रमाणपत्रं, वैद्यकीय कागद स्वतःजवळ ठेवा. परदेशी जाणार असाल तर जोडीदाराच्या व्हिसावर काम करता येतं का, हे आधीच तपासा.
• त्रास होत असेल तर भारतात ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. मन फारच खचलं तर टेलिमानसच्या १४४१६ वर मोफत बोलता येतं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ च्या कायद्याखाली तुम्ही तात्पुरत्या राहत असाल, उदाहरणार्थ माहेरी, तिथूनही दाद मागता येते.

परतीचं भाडं जवळ असणं म्हणजे अविश्वास नव्हे. जाता येतं हे माहीत असलं, की माणूस मनापासून राहतो.

आईबाबांनो, तुम्हीही

लेक किंवा लेक-जावई लांब गेले की रोज ‘कंटाळा आला का? येतेस का परत?’ असं विचारू नका. त्याऐवजी ‘आज तिकडे काय शिकलीस, काय खाल्लंस, शेजारी कोण आहे?’ असं विचारा. आणि जमलं तर एकदा तिकडे जाऊन या. आपल्या आईनं आपलं नवं गाव पाहिलंय, एवढ्यानेसुद्धा ते गाव थोडं आपलं वाटायला लागतं. मात्र ती खरंच त्रासात असेल, तर ‘तूच निवडलंस ना’ हे शब्द तोंडातून काढू नका. दार उघडं आहे, एवढंच सांगा.

तुम्ही बॅग भरत असाल, तर गोडा मसाला, आमसुलं आणि आईच्या हातचं लोणचं जरूर न्या. पहिले काही महिने ते पुरेल. तोवर तिथल्या बाजारातली भाजी ओळखू यायला लागेल, तिचं नावही कळेल. मग एखाद्या रविवारी ती गोडा मसाला घालून करून बघा आणि शेजारी वाटीभर पाठवा. वाटी रिकामी परत येणार नाही!