एकच भोजन, दोन साक्षी : हंगामी भोजनगृहातील आस्वादभेदाची मीमांसा

एखादे नाटक पाहून बाहेर पडलेले दोन प्रेक्षक परस्परविरुद्ध मते देतात, तेव्हा त्या विरोधाची चर्चा साहित्यशास्त्रात गांभीर्याने केली जाते. एकाच भोजनगृहातून उठलेले दोघे तसेच परस्परविरुद्ध बोलले, तर मात्र 'ज्याची त्याची आवड' एवढ्या शब्दांत तो विषय निकालात काढण्याची प्रथा आहे. ही प्रथा सामान्य खानावळीच्या बाबतीत फारशी चुकीची नाही. तेथे काय मिळणार हे जेवणाऱ्यास आधीच ठाऊक असते आणि मतभेद असला तर तो तिखटमिठाच्या प्रमाणापुरता असतो. परंतु वर्षातील ठरावीक काळच उघडणारी किंवा ऋतूबरोबर संपूर्ण भोजनक्रम पालटणारी जी महागडी भोजनगृहे गेल्या काही दशकांत युरोपात प्रसिद्धीस आली, त्यांच्याविषयीचे अभिप्राय पाहिले म्हणजे हे उत्तर अपुरे वाटू लागते. तेथे एक जण जन्मभर स्मरणात राहील असा अनुभव घेऊन परततो, तर दुसरा आपली फसवणूक झाली अशा भावनेने. मध्यम प्रतीचा अभिप्राय त्या मानाने विरळा असतो. हा भेद केवळ जिभेचा नसून अन्नाबरोबर जेवणारा जे घेऊन येतो त्याचा आहे, आणि म्हणून त्याची मीमांसा करता येते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

१. एल बुयी : एका हंगामी भोजनगृहाचा इतिहास

विवेचनासाठी स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातील रोझेस गावाजवळ, काला मोंजॉय नावाच्या लहानशा समुद्रखाडीवर असलेले 'एल बुयी' हे भोजनगृह घेणे सोयीचे आहे. ते 2011 साली बंद झाले असल्यामुळे त्याचा इतिहास आता पूर्णपणे समोर आहे. फेरान आद्रिया हे 1984 पासून त्याच्या पाकशाळेची धुरा वाहत होते. 1997 साली त्यास मिशेलिन मार्गदर्शिकेचा तिसरा तारा मिळाला. जगातील उत्तम भोजनगृहांच्या ब्रिटनमध्ये प्रसिद्ध होणाऱ्या यादीत 2002 साली आणि पुढे 2006 ते 2009 अशी सलग चार वर्षे त्याचा पहिला क्रमांक होता.

हे भोजनगृह वर्षातून सुमारे सहा महिनेच उघडे असे. उरलेल्या काळात आद्रिया व त्यांचे सहकारी बार्सिलोना येथील प्रयोगशाळावजा कार्यशाळेत पुढील हंगामाचे नवे पदार्थ सिद्ध करीत. एका रात्री सुमारे 50 आणि एका हंगामात सुमारे 8,000 लोकांचीच सोय होई, तर येणाऱ्या मागण्या लक्षावधींच्या घरात असल्याचे सांगितले जाई. भोजन तीसहून अधिक लहान लहान घासांचे असे आणि ते कित्येक तास चाले. निवड जेवणाऱ्याकडे नसे. जे समोर येईल ते, ज्या क्रमाने येईल त्या क्रमाने आणि पुष्कळदा सांगितले जाईल त्या रीतीने खावयाचे.

येथे 'हंगामी' ह्या शब्दाचे दोन अर्थ एकत्र आले होते. पहिला अर्थ निसर्गाचा : ज्या ऋतूत जे पिकते ते शिजवावयाचे. दुसरा नाट्यगृहाचा : हंगाम उघडतो, प्रयोग होतात आणि हंगाम संपतो. एल बुयीमध्ये दुसऱ्या अर्थास प्राधान्य होते. जो जेवणारा पहिला अर्थ मनात धरून येई आणि जो दुसरा, त्या दोघांपुढे ताट एकच असले तरी ते निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे त्यात शोधीत असत.

२. अपेक्षेचे कार्य

ह्या भोजनगृहाचा 2005 सालचा एक प्रसिद्ध पदार्थ म्हणजे द्रवरूप ऑलिव्ह. हिरव्या ऑलिव्ह फळांचा रस काढून त्यात कॅल्शियमचा क्षार मिसळावयाचा आणि तो रस चमच्याने सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात सोडावयाचा. अल्जिनेट हा समुद्रातील तपकिरी शेवाळापासून मिळणारा पदार्थ आहे. कॅल्शियमशी त्याचा संयोग होताच रसाभोवती पातळ पापुद्रा धरतो, आतील रस मात्र तसाच राहतो. दिसावयास हे ऑलिव्हच. परंतु तोंडात घालून दाबताच त्याचा गर चावला जात नाही, ते फुटते आणि रस पसरतो.

ह्या एका घासाचा अनुभव दोन प्रकारांनी सांगता येतो. एकाच्या मते ऑलिव्हची चव इतकी शुद्ध पूर्वी कधी लागली नव्हती. दुसऱ्याच्या मते चांगले फळ काढून घेऊन त्याचे सोंग पुढे केले. दोघांच्या जिभेवर आलेला रस एकच आहे. फरक आहे तो घास तोंडात जाण्यापूर्वी दातांनी कशाची तयारी केली होती आणि ती तयारी व्यर्थ गेल्याचे जेवणाऱ्याने कसे घेतले, ह्यात.

अपेक्षा ही चवीच्या बाहेरची गोष्ट नसून चवीचेच एक अंग आहे, ह्यास प्रयोगाचा आधार आहे. मार्टिन यीओमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात धुरावलेल्या सामन माशाचे आइस्क्रीम काही जणांना चाखावयास दिले. ह्या सहकाऱ्यांत हेस्टन ब्लूमेंथल हे प्रसिद्ध इंग्रज आचारीही होते. ज्यांना 'आइस्क्रीम' असे सांगितले होते त्यांना तो पदार्थ अत्यंत अप्रिय वाटला. ज्यांना तोच पदार्थ गोठविलेला खारा फेस म्हणून दिला त्यांनी तो स्वीकारला. विशेष म्हणजे पहिल्या गटास तो अधिक खारट लागला. म्हणजे नावाने केवळ पसंतीच बदलली असे नव्हे, तर मिठाची जाणीवही बदलली.

३. किंमत आणि प्रतीक्षा

किंमत हीदेखील अशीच एक पूर्वसूचना आहे. हिल्के प्लासमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली कॅलिफोर्नियातील प्रयोगात 20 व्यक्तींना द्राक्षमद्य चाखविले. एकच मद्य एकदा 10 डॉलरचे आणि एकदा 90 डॉलरचे म्हणून दिले असता, महाग सांगितलेले मद्य अधिक आवडल्याचे त्यांनी नोंदविले. इतकेच नव्हे, तर सुखानुभवाशी संबंधित मानल्या जाणाऱ्या मेंदूच्या भागातील क्रियाही त्या वेळी अधिक आढळली. ह्यावरून भारी किंमत देणारा नेहमी संतुष्टच होईल असे अनुमान निघावे. पण तसे घडत नाही. रिचर्ड ऑलिव्हर ह्यांनी 1980 साली मांडलेल्या विचारानुसार समाधान हे वस्तूच्या गुणावर जितके, तितकेच अपेक्षा आणि प्रत्यक्ष ह्यांतील अंतरावर अवलंबून असते. किंमत अनुभवास वर उचलते आणि त्याच वेळी त्याने गाठावयाची पातळीही उंच करते. अंतर लहान असेल तर अपेक्षा प्रत्यक्षास आपल्याकडे ओढून घेते. ते डोळ्यांत भरण्याइतके मोठे झाले की तीच अपेक्षा निराशेस धार आणते. वर सांगितलेली मध्यम अभिप्रायांची विरळता अशा रीतीने समजू शकते.

ह्या दृष्टीने 2007 सालची एक घटना उद्बोधक आहे. जर्मनीतील कासेल येथे भरणाऱ्या 'डोक्युमेंटा' ह्या कलाप्रदर्शनाच्या बाराव्या पर्वात आद्रिया ह्यांना कलावंत म्हणून निमंत्रण होते. त्यांनी कासेल येथे काहीही मांडले नाही. भोजनगृहच प्रदर्शनाचे एक दालन मानण्यात आले. प्रदर्शनाच्या 100 दिवसांच्या काळात दररोज दोन प्रेक्षकांची निवड करून त्यांना विमानाने रोझेसला भोजनास पाठविण्याची योजना होती. ह्या पाहुण्यांचे अभिप्राय पुढे रिचर्ड हॅमिल्टन आणि व्हिसेंट तोदोली ह्यांनी 2009 साली संपादित केलेल्या ग्रंथात समाविष्ट झाले. हॅमिल्टन हे चित्रकार स्वतः त्या भोजनगृहाचे वर्षानुवर्षांचे पाहुणे होते.

त्या हंगामात एकाच दालनात तीन प्रकारचे लोक बसत होते, असे म्हणावयास हरकत नाही. पहिला दरवर्षी येणारा, ज्यास मागील हंगामाचे पदार्थ आठवत असत आणि जो नव्याची जुन्याशी तुलना करी. दुसरा दीर्घ प्रतीक्षेनंतर एकदाच येणारा आणि स्वतः पैसे मोजणारा. तिसरा आदल्या दिवशीपर्यंत कल्पनाही नसलेला आणि कलाकृती पाहावयास म्हणून आलेला. पहिल्यापाशी पूर्वसंस्कार होता, दुसऱ्यापाशी हिशेब होता, तिसऱ्यापाशी ह्यांपैकी काहीच नव्हते. ह्या तिघांच्या मतांची सरासरी काढली तर ती कोणाच्याच अनुभवाचे वर्णन करणार नाही.

कोपनहेगन येथील 'नोमा' ह्या भोजनगृहाचे उदाहरण ह्यास पूरक आहे. 2003 साली स्थापन झालेल्या ह्या भोजनगृहाने 2018 साली नव्या जागेत गेल्यावर वर्षाचे तीन हंगाम पाडले : आरंभी समुद्रातील अन्न, उन्हाळ्यात केवळ वनस्पती आणि शरदात अरण्य व शिकार. उन्हाळ्यात सेलरीच्या कंदाचे थर रचून भाजलेला शावर्मा पुढे येई. शरदात रानबदक येई. ह्या भोजनगृहाविषयीचा कोणताही अभिप्राय हंगामाचा उल्लेख नसेल तर निरर्थक ठरतो, कारण नाव एक असले तरी भोजनक्रम तीन होते.

४. रसविघ्नांची कल्पना

ह्या प्रश्नाचा विचार भारतीय शास्त्रात झालेलाच नाही असे नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने रसाची कल्पना स्पष्ट करण्यासाठी भोजनाचाच दृष्टान्त घेतला आहे. नाना व्यंजनांनी संस्कारिलेले अन्न खाणारे पुरुष जसे रसांचा आस्वाद घेऊन हर्ष पावतात, तसेच प्रेक्षक स्थायी भावांचा आस्वाद घेतात, असा त्याचा आशय आहे. परंतु तो कोणाही जेवणाऱ्याविषयी बोलत नाही. त्या पुरुषांस तो 'सुमनस्' हे विशेषण लावतो. मनाची विशिष्ट अवस्था ही आस्वादाची अट आहे, हे येथे सूचित होते. पुढे अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या मार्गातील सात विघ्ने सांगितली. त्यांतील तीन प्रस्तुत विषयास थेट लागू पडतात.

पहिले विघ्न संभावनाविरहाचे. समोर आलेली वस्तू मुळात अन्न असू शकते हेच ज्यास पटत नाही, त्याचा आस्वाद सुरूच होत नाही. दुसरे, स्वतःच्या सुखदुःखादिकांनी विवश होण्याचे. मोजलेली रक्कम, केलेला प्रवास, सोबतच्या माणसासाठी योजलेला समारंभ ह्यांत गुंतलेले मन घासापर्यंत पोहोचत नाही. तिसरे संशययोगाचे, आणि येथे शास्त्रास थोडी मुरड घालावी लागते. द्रवरूप ऑलिव्हमध्ये 'हे ऑलिव्ह आहे की नाही' हा संशय आचाऱ्याने हेतुपूर्वक योजिलेला आहे. तो संशय क्षणात विरून चवीची ओळख पटली तर चमत्कार होतो. तो विरला नाही, तर विघ्न म्हणूनच उरतो.

मात्र दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक ह्यांतील भेदही ध्यानात ठेविला पाहिजे. नाटकातील दुःख प्रेक्षकाच्या देहास स्पर्श करीत नाही. त्याचे साधारणीकरण होऊ शकते. अन्न मात्र शरीरात जाते. जेवणाऱ्यास आपल्या भुकेपासून, किळसेपासून आणि प्रकृतीपासून तटस्थ होता येत नाही. म्हणून भोजनाच्या बाबतीत 'तू सहृदय नाहीस' हे उत्तर नेहमीच पुरेसे होत नाही. कॅटलोनियातीलच तीन ताऱ्यांचे मानकरी सान्ती सान्तामारिया ह्यांनी 2008 साली ह्या नव्या पाकपद्धतीवर जाहीर टीका केली, तेव्हा त्यांचा रोख चवीवर नव्हता. घट्ट करणारी व मिश्रण धरून ठेवणारी द्रव्ये लोकांना खाऊ घालावीत काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्यावर वाद झाला आणि प्रतिपक्षानेही आपली बाजू मांडली. पण तो प्रश्न आस्वादकाच्या अपुऱ्या तयारीचा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. तसेच 2013 सालच्या फेब्रुवारीत नोमा येथे जेवलेल्यांपैकी 63 जण विषाणूबाधेने आजारी पडले. त्यांच्या तक्रारीस अपेक्षाभंगाचा सिद्धान्त लावणे हास्यास्पद होईल.

५. निष्कर्ष

वरील विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अभ्यासपद्धतीची. अशा भोजनगृहाविषयीची साक्ष नोंदविताना साक्षीदार कोणत्या हंगामात गेला, कितव्यांदा गेला, खर्च कोणी केला आणि काय मिळेल असे त्यास सांगितले गेले होते, ह्या चार बाबींची नोंद आवश्यक आहे. त्यांच्या अभावी प्रशंसा आणि निंदा ह्या दोन्ही सारख्याच अपुऱ्या ठरतात. दुसरी न्यायाची. अपेक्षेचे महत्त्व एकदा मान्य केले की प्रत्येक असंतुष्ट जेवणाऱ्यास अनभिज्ञ ठरविण्याचा मोह होतो, आणि भोजन जितके महाग व प्रसिद्ध तितका तो मोह बळावतो. अपेक्षा निर्माण करण्यात भोजनगृहाचाही वाटा असतो. म्हणून ती भंग पावली तर त्याचा सर्व भार जेवणाऱ्यावर टाकणे योग्य नव्हे.

एल बुयीचा अखेरचा हंगाम 30 जुलै 2011 रोजी संपला. तेथे सिद्ध झालेल्या पदार्थांची गणना 1846 वर थांबविण्यात आली. हे आधुनिक फ्रेंच पाकशास्त्राचे प्रणेते ऑग्यूस्त एस्कोफिए ह्यांचे जन्मवर्ष होय. 2023 साली त्याच जागी ह्याच अंकाचे नाव धारण करणारे संग्रहालय उघडले. तेथे पदार्थांच्या कृती, आराखडे आणि छायाचित्रे जतन झाली आहेत; तेथे भोजन मिळत नाही. ते पदार्थ कसे लागत, हे जाणून घेण्याचे साधन आता जेवून गेलेल्यांच्या परस्परविरोधी साक्षी हेच उरले आहे. त्यांतील एक बाजू खरी व दुसरी खोटी असे न ठरविता, कोणत्या तयारीच्या माणसास कोणता अनुभव आला हे पाहणे, हाच त्या वाचण्याचा सयुक्तिक मार्ग आहे.